चतुःसीमा

आम्ही पालीस घर घेणार आहो ही वार्ता गिरगावातील आमच्या चाळीत पसरल्यापासून आमच्या सांपत्तिक आणि मानसिक स्थितीविषयी ज्या नानाविध कल्पना प्रचलित झाल्या, त्यांचा उलगडा प्रथमच करून टाकणे इष्ट आहे. ज्यांची विद्वत्ता चित्रपटविषयक साप्ताहिकांवर पोसली होती, त्यांनी हे वांद्र्याचे पाली हिल समजून, मी निवृत्तीपूर्वी कचेरीत काहीतरी अफरातफर केली असावी असा निष्कर्ष काढला. ज्यांची भिस्त अष्टविनायकांवर होती, त्यांनी ते सुधागड तालुक्यातील बल्लाळेश्वराचे पाली समजून वानप्रस्थाश्रमाबद्दल माझे, आणि चतुर्थीला उतरण्याची सोय झाली म्हणून स्वतःचे, अभिनंदन केले. गोराईचा विपश्यना पॅगोडा त्याच बाजूस असल्याचे ज्यांच्या कानी आले होते, अशा तिसऱ्या मजल्यावरील एका संशोधकवृत्तीच्या गृहस्थांनी मी उतारवयात पाली भाषा शिकावयास निघालो असल्याचे चारचौघांत सांगितले. आणि आमच्या धाकट्या नातीने, स्वयंपाकघरात एक पाल असताना आणखी पाली कशाला हव्यात, असा बिनतोड प्रश्न विचारला.

आमची पाली यांपैकी कोणतीच नव्हे. भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेस, मिठागरे आणि डोंगरी मागे टाकून रस्ता जेथे समुद्राला भिडतो, तेथे उत्तन आणि चौक यांच्या लगत ही पाली आहे. वस्ती कोळ्यांची आणि ख्रिस्ती लोकांची, महानगरपालिका मीरा-भाईंदरची, जिल्हा ठाणे, टेलिफोनचा क्रमांक मात्र मुंबईचा. ज्या बेटावर ती वसली आहे, त्याच बेटावरची गोराई आणि मनोरी ही गावे बृहन्मुंबईत मोडतात. म्हणजे पालीचा मनुष्य दक्षिणेस पायी चालत गेला तरी मुंबईत पोहोचतो, परंतु जिल्ह्याच्या ठिकाणी आगगाडीने जावयाचे म्हटले तर त्याला आधी दादरपर्यंत उलटे यावे लागते. दलालांच्या भाषेत यालाच ‘मुंबईला लागून’ असे म्हणतात.

गिरगाव सोडण्याचे कारण सांगण्यासारखे नाही, कारण ते सर्वांचे एकच असते. दोन खोल्या, तीन पिढ्या आणि एक गॅलरी हे त्रैराशिक कोणत्याही रीतीने सोडविले तरी उत्तर उपनगरातच येते. पागडीच्या जागेला १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रतिष्ठा मिळाल्यामुळे, चाळमालकाचा वाटा त्याच्या पदरात घालून उरलेल्या रकमेत आपणांस कोठे राहता येईल याचा हिशेब मी करू लागलो. माझी पेन्सिल मरीन लाइन्सपासून उत्तरेकडे सरकत सरकत दहिसरची खाडी ओलांडून गेली तेव्हा कोठे ती थांबली.

मीरारोड आणि भाईंदर येथे घर पाहणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि तिची पहिली शाखा म्हणजे कालगणना. ‘स्टेशनपासून सात मिनिटे’ या जाहिरातीतील मिनिटे कोणाची, असे मी एका विक्रेत्यास विचारले असता, रात्री दोन वाजता मोटारीतून निघणाऱ्याची, असा खुलासा त्याने निर्विकारपणे केला. दुसरी शाखा भूमितीची. २०१६ चा स्थावर संपदा कायदा होऊन आणि २०१७ च्या मे महिन्यापासून ‘महारेरा’ सुरू होऊन जागा चटई क्षेत्रावरच विकली पाहिजे असे ठरले असले, तरी जिना, उद्वाहन, पहारेकऱ्याची कोठी आणि बहुधा समोरच्या इमारतीची सावली एवढ्यांचे क्षेत्रफळ आपल्या दिवाणखान्यात मिळविण्याची जुनी सवय काही जणांच्या जिभेवरून अद्याप गेलेली नाही. या शाखांत मी फारसा रमलो नाही. मला ज्ञान झाले ते तिसऱ्या शाखेत, म्हणजे मुलाखतीच्या.

आयुष्यभर माझी अशी समजूत होती की घर घेताना घेणारा घर पाहतो. वधूपरीक्षेस गेलेल्या तरुणासारखा मी ताठ मानेने जात असे, भिंतींवर बोटाने टकटक करीत असे, नळ सोडून पाहत असे आणि ‘कळवितो’ असे म्हणून निघत असे. भाईंदर पश्चिमेच्या एका गृहनिर्माण संस्थेत मात्र, सदनिका सर्वांना पसंत पडल्यावर, ‘कमिटीला एकदा भेटून घ्या’ असे सांगण्यात आले. आणि मी एका लांब मेजाच्या अलीकडे व पाच गृहस्थ पलीकडे अशी बैठक झाली, तेव्हा पसंती अद्याप व्हावयाची आहे आणि ती माझी व्हावयाची आहे, हे माझ्या ध्यानात आले.

गृहस्थ अत्यंत सुशील होते. त्यांनी मला ताक दिले, माझ्या मधुमेहाची चौकशी केली आणि चिरंजीवांच्या नोकरीबद्दल संतोष व्यक्त केला. मग अध्यक्षांनी चष्मा पुसत पुसत विचारले, “खाण्यापिण्याचं कसं आहे आपलं?” मी म्हणालो, उत्तम आहे; भूक चांगली लागते. त्यावर पाचांच्या चेहऱ्यांवर जो सहानुभूतीचा भाव उमटला, त्यावरून प्रश्नाचा रोख मला उमजला. आमचे घर या बाबतीत दुभंगलेले आहे. आमचे कुटुंब पंगतीत कांद्याचीही चौकशी करणाऱ्या घराण्यातले, आणि मी मूळचा रत्नागिरीच्या किनाऱ्याचा. सत्य बोलण्याची सवय नोकरीत जडलेली नसतानाही, कोणत्या दुर्बुद्धीने कोण जाणे, मी बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे वार सांगून टाकले. अध्यक्षांनी ते लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की मालकाचा विकण्याचा विचार फिरला आहे. पुढे दोन ठिकाणी मालकांचे विचार असेच फिरले. मीरारोडच्या एका भागात खाण्याची हरकत नव्हती, परंतु तेथे आमचे आडनाव आमच्या जागेशी जुळत नसल्याचे आम्हांला फार सौजन्याने सुचविण्यात आले. आणि एका अस्सल मराठी संस्थेत, जेथे आडनाव आणि मासळी या दोन्ही गोष्टी चालत होत्या, तेथे चिरंजीव रात्रपाळी करतात ही गोष्ट चालली नाही. या शहराच्या लोकसंख्येत गुजराती, मारवाडी, आगरी, कोळी, उत्तर हिंदुस्थानी, दाक्षिणात्य, मुसलमान आणि ख्रिस्ती असे सारे आहेत असे जे अभिमानाने सांगतात, ते असत्य नाही. फक्त ते सर्व एका जिन्याने चढत नाहीत एवढेच.

हताश होऊन मी घरी बसलो असता आमच्या दलालांस माझी दया आली. हे सद्‌गृहस्थ राजस्थानातल्या पाली जिल्ह्याचे. भाईंदरात त्यांच्या मुलखातली मंडळी पुष्कळ आहेत. “साहब, आप को पाली दिखाता हूँ,” ते म्हणाले. एवढ्या दूर जावयाची तयारी नसल्याचे मी सांगितले तेव्हा ते पोट धरून हसले आणि भाईंदरचीही एक पाली असल्याचा शोध मला लागला. आपल्या गावाच्या नावाचे गाव समुद्रकाठी असावे याचे त्यांना इतके अप्रूप होते की मासळीचे नाव निघताच ते जरी नाकाला रुमाल लावीत, तरी पालीच्या बाबतीत तो रुमाल ते खिशातच ठेवीत.

परिवहनच्या बसने आम्ही निघालो. स्टेशनाजवळ बावन जिनालयाच्या परिसरातली सराफी दुकाने आणि गुजराती पाट्या संपेपर्यंत मुर्धे आले. मग राई आणि मोर्वा ही आगरी गावे, मिठागरांचे आरसे, डोंगरीचा चढ, चर्च, रस्त्याकडेचे पांढरे क्रूस. आणि उत्तनच्या बाजूस एकीकडे केशवसृष्टी व म्हाळगी प्रबोधिनी, तर दुसरीकडे वेलंकनी मातेचे तीर्थक्षेत्र. एका तिकिटात इतकी दर्शने घडविणारी दुसरी यात्रा माझ्या माहितीत नाही. वाटेत प्रत्येक थांब्यावर दलाल महाशय “इथं मेट्रो येणार” असे सांगत होते. डोंगरीस मेट्रोची कारशेड होणार असल्याचे मीही वाचले होते; परंतु कारशेड म्हणजे गाड्यांची झोपावयाची जागा, तेथे गाडी पाहता येते, चढता येत नाही, हा सूक्ष्म भेद त्यांनी माझ्यासारख्याच्या दृष्टीने क्षुल्लक मानला.

महिना जुलैचा होता. हा महिना दलालांनी पंचांग पाहून निवडला होता हे मला पुढे कळले. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीस सरकारी बंदी असते; होड्या किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली निजविलेल्या होत्या, जाळी घरात होती, आणि पावसाने धुऊन निघालेल्या हवेस ओल्या मातीखेरीज कशाचाही वास नव्हता. कौलारू छपराचे, पुढे ओटी आणि मागे विहीर असलेले ते घर पाहून आमच्या कुटुंबाच्या डोळ्यांत पाणी आले. विहिरीपलीकडे एक मोकळे मैदान होते आणि त्यात बांबू रोवून मांडवासारखे काही उभे केले होते. हे काय, असे विचारता दलाल म्हणाले, “काही नाही, वेल चढवायला.” एवढा मोठा वेल कशाचा असेल याची कल्पना करीत आम्ही परत आलो.

येथून पुढील प्रकरण वकिलांचे. प्रथम त्यांनी मला एका गोष्टीपासून वाचविले. दलालांनी त्याच फेरीत एक जमिनीचा तुकडाही दाखविला होता आणि तेथे शेतघर बांधण्याची माझी इच्छा बळावत होती. वकिलांनी विचारले, “आपण शेतकरी आहात का?” गॅलरीतील तुळस आणि मिरचीची एक कुंडी यांपलीकडे माझी शेती नसल्याचे मी कबूल केले. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या ६३ व्या कलमान्वये, शेतकरी नसलेल्यास परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही, असे त्यांनी मला समजावून दिले. आजोबांची नारळीपोफळीची वाडी वडिलांनी ज्या दिवशी विकली, त्या दिवशी त्यांनी माझी जातच विकून टाकली होती हे मला साठाव्या वर्षी समजले.

घराचा सातबारा मागितला, तेव्हा गावठाणातील घरजागेला सातबारा नसतो असे उत्तर मिळाले. सातबारा म्हणजे गावचा नमुना सात आणि नमुना बारा, एकात जमीन कोणाची ते आणि दुसऱ्यात तीत पीक काय ते. गावठाणात पिकतात फक्त माणसे, म्हणून त्यांचा नमुना नाही. घरपट्टीची पावती होती, परंतु घरपट्टी भरल्याने मालकी सिद्ध होत नाही. मालकी सिद्ध होणार होती ती वारसांवरून. त्यांची यादी आली आणि ती सव्वीस जणांची होती. त्यांतले नऊ गावात, सात वसईत, चार आखातात, दोन कॅनडात आणि एक धर्मगुरू होऊन संसार सोडलेले, परंतु हिश्श्याची सोडचिठ्ठी अद्याप न दिलेले. उरलेल्या तिघांविषयी बाकीच्या तेवीस जणांत मतभेद होते. यादीतली नावे वाचताना बायबलातील सर्व प्रेषित एकदा आणि काही प्रेषित दोनदा येऊन गेले.

वकिलांनी मालकीचा तीस वर्षांचा शोध घेण्याचे ठरविले. तीसच का, असे मला वाटले. पालीसारख्या ठिकाणी पाचशे वर्षांचा शोध सहज मिळतो. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशाहाने वसई प्रांत पोर्तुगीजांस तहनाम्याने दिला. मुद्रांक भरल्याची नोंद नाही. १७३९ च्या मार्चमध्ये येथलाच धारावीचा किल्ला मराठ्यांनी घेतला आणि मे महिन्यात खाडीपलीकडची वसई चिमाजी आप्पांच्या हाती आली. ताबेपावती तोफेने झाली. १७७४ च्या अखेरीस ठाणे व साष्टी इंग्रजांनी बळकाविली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो फेरफार मंजूर झाला. चौकास चिमाजी आप्पांचे स्मारक आहे. तेथे उभा राहून मी वसईच्या किल्ल्याकडे पाहिले तेव्हा, १७३७ पासून १७३९ पर्यंत अवघ्या दोन वर्षांत एवढा मुलूख घेणाऱ्या त्या सेनापतीस सव्वीस वारसांच्या सह्या घ्याव्या लागल्या नव्हत्या हा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही. आमच्या मोहिमेस हे तिसरे वर्ष चालू आहे.

पोर्तुगीज गेले, तरी घर ते येथेच ठेवून गेले आहेत. चावी त्यांची, बिजागरी त्यांची, बालदी त्यांची, घमेले त्यांचे. हप्ता फेडावयाचा तो पगार त्यांचा, आणि पगारातून हप्ता न फिटल्यास घराचे जे होते तो लिलावही त्यांचाच. येथल्या जुन्या ख्रिस्ती समाजाने मात्र आपल्यासाठी इंग्रजी नाव घेतले. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावावरून, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, म्हणजे १८८७ साली, या मंडळींनी स्वतःस ‘ईस्ट इंडियन’ म्हणविण्याचे ठरविले. त्यामुळे हिंदुस्थानच्या अगदी पश्चिम कडेवर, जेथून आणखी एक पाऊल पश्चिमेस टाकल्यास मनुष्य भिजतो, तेथे पूर्व हिंदी लोक मराठी बोलत सुखाने राहत आहेत. पत्त्याच्या बाबतीत इतका उदार दृष्टिकोन मला अन्यत्र आढळला नाही.

समुद्राच्या सान्निध्याविषयी दलाल आणि वकील यांच्यात जो मतभेद झाला तोही नोंदविण्यासारखा आहे. “दर्या दोनशे पावलांवर,” असे सांगून दलालांनी किंमत चढविली होती. “समुद्र दोनशे पावलांवर,” असे सांगून वकिलांनी कपाळाला हात लावला. १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून पाचशे मीटरांचा पट्टा किनारा नियमन क्षेत्रात घातला, आणि पुढे नियम दोनदा नव्याने लिहिले गेले तरी, परवानगीवाचून वर एक मजला चढविण्याचे चिरंजीवांचे स्वप्न ओहोटीबरोबर गेले ते गेलेच. बँकेने तर कागद पाहून, घर सुंदर आहे, असा अभिप्राय दिला आणि कर्ज नाकारले.

मुद्रांकशुल्कात खरेदीदार केवळ स्त्री असल्यास एक टक्का सवलत आहे असे समजताच घर सौभाग्यवतीच्या नावे घेण्याचे एकमताने ठरले. चाळीस वर्षांच्या संसारात मी जे औदार्य दाखवू शकलो नव्हतो, ते शासनाने एका टक्क्यात माझ्याकडून करवून घेतले. नोंदणी फी एक टक्का, परंतु तीस हजारांपुढे नाही, हे कळल्यावर तर आम्ही मोठे धनिक असून तीस हजारांवर सुटलो असा भास मला दोन दिवस होत होता.

नोव्हेंबरात इसार देण्यासाठी आम्ही सहकुटुंब पालीस गेलो. उत्तन नाक्यावर बसमधून उतरलो आणि त्या वेलाचा उलगडा झाला. त्या बांबूंच्या मांडवांना कोळी लोक वलांडी म्हणतात. प्रत्येक दोरीवर, तोंडात तोंड अडकवून, दुतर्फा लोंबणारे बोंबील चांदीच्या झालरीसारखे उन्हात चमकत होते. एक मांडव, दुसरा मांडव, मैदान संपेपर्यंत मांडव. आणि वास! त्याचे वर्णन मी करणार नाही. ज्यांना तो ठाऊक आहे त्यांच्या तोंडाला पाणी सुटेल आणि ज्यांना ठाऊक नाही ते लेख खाली ठेवतील. चिरंजीव बसच्या परतीच्या वेळा पाहू लागले. दलालांचा रुमाल अखेर बाहेर आला.

ओटीसमोर शेजारची एक वृद्धा लुगड्याचा काच मारून बोंबील परतीत होती. सारा गाव तिला माय म्हणतो. तिने आम्हांला बसावयास सांगितले, पाणी दिले, आणि मला भाईंदरच्या त्या लांब मेजाची आठवण झाली; कारण इकडचे तिकडचे काही न बोलता तिने विचारले, “म्हावरं खाता ना?”

हाच प्रश्न, फक्त उत्तर उलटे हवे होते. मागे एका मुंबईकर कुटुंबाने हवापालटासाठी पलीकडच्या आळीत बंगला घेतला, पहिल्याच दिवाळीत बोंबलांच्या वासाविरुद्ध लेखी तक्रार केली, आणि मग चर्चच्या घंटेविरुद्ध, आणि मग लग्नातल्या बँडविरुद्ध, असा इतिहास तिने सांगितला. “दर्या आधी, बोंबील मागून, तुमी त्याच्याही मागून,” ती म्हणाली. मी छाती पुढे काढून बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे वार सांगितले. अशा सत्यकथनाचा मोबदला मिळण्याचा प्रसंग माझ्या आयुष्यात प्रथमच येत होता. परंतु मायने माझ्याकडे पाहिलेही नाही. घर कोणाच्या नावावर व्हावयाचे ते तिच्या कानी गेलेले होते. ती सौभाग्यवतीकडे वळली आणि म्हणाली, “बाय, सुकं बोंबील कसं करतेस?”

मी डोळे मिटले. ज्या स्त्रीने जन्मात बोंबील तोंडात घातला नाही, तिच्यावर आमचे सर्व भवितव्य येऊन ठेपले होते. ती क्षणभर थांबली आणि मग पाठ म्हणावा तशी म्हणू लागली: डोके आणि शेपूट खुडून टाकायचे, तव्यावर कोरडे भाजायचे, कोमट पाण्यात जरा भिजवून पिळून घ्यायचे, मग भरपूर लसूण, कांदा, लाल तिखट, आणि शेवटी कोकम, चिंच नव्हे. “मी खात नाही,” ती म्हणाली, “पण चाळीस वर्षं करते आहे. चव वासावरून कळते.” मायच्या हातातला बोंबील हातातच राहिला. कोकम की चिंच यावर दोघींचा अर्धा तास वाद झाला, त्यात बाटली मसाल्याची एक बरणी साक्षीपुरावा म्हणून घरातून आणविण्यात आली, आणि मी, चिरंजीव व दलाल असे तिघे पुरुष वलांडीच्या सावलीत उभे राहिलो. आम्हांला कोणी काहीच विचारले नाही.

इसारपावती त्याच दिवशी झाली. मसुद्यात वकिलांनी चतुःसीमा घातल्या त्या अशा: पूर्वेस गावरस्ता, दक्षिणेस सामाईक विहीर, उत्तरेस मायचे घर, पश्चिमेस मोकळी जागा. मसुदा वाचून दाखविला तेव्हा मायने पश्चिमेच्या सीमेस हरकत घेतली, आणि तिच्या आग्रहावरून तेथे ‘बोंबील वाळविण्याची वलांडी, पूर्वापार वहिवाटीची’ असे शब्द घालण्यात आले. खाली सौभाग्यवतीने सही केली.

खरेदीखत अद्याप व्हावयाचे आहे. सव्वीसांपैकी चोवीस सह्या झाल्या. पंचविसाव्याचे मुखत्यारपत्र आखातातून वकिलातीच्या शिक्क्यासह निघाले आहे असे आम्ही वर्षभर ऐकत आहो, आणि सव्विसावे ते धर्मगुरू. दरम्यान, माय आम्हांला शेजारी मानू लागली आहे. गावातले कोणी मुंबईस निघाले की त्याच्या हाती वर्तमानपत्रात बांधलेली सुक्या बोंबलांची एक जुडी गिरगावात येते. आल्या जुडीला नाही म्हणणे शेजारधर्मास सोडून आहे, म्हणून ती आमच्या गॅलरीत दोरीवर टांगली जाते. तळमजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. अडतीस वर्षांच्या सहवासात त्यांनी आमची कधी विशेष चौकशी केली नव्हती. अलीकडे मात्र ते रोज सकाळी जिन्याशी उभे असतात, उपरण्याचे टोक नाकाशी धरून वर पाहतात, आणि सख्ख्या भावाने विचारावे अशा कळवळ्याने मला विचारतात, “काय हो, पालीचं कुठवर आलं?”